न आलेला टोलनाका

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



२०१५ सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या देशातल्या दहा लाखांहून अधिक लोकांनी दिल्लीच्या एका सरकारी कार्यालयाला ईमेल पाठवले. कार्यालयाचे नाव दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय. एरवी या कार्यालयाच्या सल्लापत्रांना दूरसंचार कंपन्या, काही वकील आणि चार-दोन ग्राहक संघटना सोडल्या तर कुणी उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाही. त्या वेळचे सल्लापत्र ११८ पानांचे होते आणि त्यात वीस प्रश्न विचारलेले होते. ते मुळातून वाचलेले लोक दहा लाख राहू द्या, दहा हजार तरी असतील का, याची मला शंका आहे. पण भीती मात्र घरोघर पोचली होती. इंटरनेट धोक्यात आहे, ते वाचवा, बटण दाबा, तयार मजकूर आपोआप जाईल. लोकांनी बटणे दाबली. पुढे ट्रायने ते सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट आपल्या संकेतस्थळावर जाहीर करून टाकले. इंटरनेट वाचवायला निघालेल्यांचे ईमेल पत्ते असे जगजाहीर झाले, हा त्यातला एक विनोदी अध्याय.

या भीतीचे नाव होते नेट न्यूट्रॅलिटी. टिम वू नावाच्या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ साली हा शब्द रूढ केला. त्याचा अर्थ साधा आहे. तुमच्या फोनला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने तुम्ही काय पाहता यात नाक खुपसू नये. अमुक संकेतस्थळ जलद, तमुक हळू, हे फुकट आणि त्याला जादा पैसे, असा भेद तिने करू नये. तत्त्व म्हणून यात वाद घालण्यासारखे काही नाही. माझी शंका तत्त्वाबद्दल नाही, त्यावरून जो हलकल्लोळ माजला त्याबद्दल आहे.

मी हे बोलतो ते कुणी तज्ज्ञ म्हणून नव्हे. राजारामपुरीत गेली पंचवीस वर्षे माझे लहानसे दुकान आहे. सुरुवातीला सायबर कॅफे होता, तासाला पस्तीस रुपये. मग मोबाइल रिचार्ज आले, झेरॉक्स आली, आणि आता मुख्यतः अर्ज भरून देण्याचे काम चालते. सातबारा, कॉलेजचे प्रवेश, पीकविमा, शिष्यवृत्ती. इंटरनेट चालले तर माझे दुकान चालते, इतका माझा त्याच्याशी थेट संबंध. त्यामुळे ते कशाने बंद पडते याचा हिशेब मला आपोआप ठेवावा लागतो.

तर त्या एप्रिलमध्ये इंजिनिअरिंगची पाच-सहा मुले दुकानात आली. हातात पत्रक. एक जण म्हणाला, "काका, इंटरनेटला टोल लावायला लागलेत बघा. व्हॉट्सॲपचा वेगळा, यूट्यूबचा वेगळा. तुमच्या सगळ्या मशिनीवरनं मेल पाठवूया की." मुले मोठी चलाख. कोल्हापुरात त्या वर्षी टोल या शब्दाइतका पेटता शब्द दुसरा नव्हता.

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडे सांगतो. आमच्या शहरातले अंतर्गत रस्ते एका खासगी कंपनीने सुमारे २२० कोटींच्या प्रकल्पात केले आणि त्या बदल्यात शहराच्या वेशीवर नऊ ठिकाणी टोलनाके बसले. करार तीस वर्षांचा. त्याविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या पुढाकाराने सगळे पक्ष, तालमी, रिक्षावाले, व्यापारी रस्त्यावर उतरले. २०१४ च्या जानेवारीत नाके जाळण्यापर्यंत प्रकरण गेले. शेवटी २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द करण्याची घोषणा झाली. अशा गावात 'इंटरनेटला टोल' म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

मी त्या मुलांना चहा पाजला आणि मेल काही पाठवू दिले नाहीत. कारण उपमा चुकीची होती. कोल्हापुरात शिरायचे तर नाक्यावरूनच यावे लागे, दुसरी वाट नव्हती. म्हणून तो टोल अन्यायाचा वाटला आणि लोक हटले नाहीत. मोबाइलचे तसे नाही. २०११ च्या जानेवारीपासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. एका कंपनीने नाका बांधला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतून जाणार. त्या वेळी कोल्हापुरात कार्डे विकणाऱ्या कंपन्या तरी किती होत्या! माझ्या काउंटरवर सात-आठ रंगांची पाकिटे लटकलेली असायची.

मुलांचे म्हणणे अगदी हवेतले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलना वेगळा दर लावण्याचे जाहीर केले होते. ओरड झाली आणि आठवडाभराच्या आत ते मागे घेतले गेले. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच कंपनीने 'एअरटेल झिरो' आणले. त्यात ॲपवाल्यांनी पैसे भरले की गिऱ्हाइकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होती, टीका होताच आठवड्याभरात तीही बाहेर पडली. ओरडण्याचा उपयोग होतो, हे यावरून दिसते. पण यावरून दुसरेही एक दिसते. ज्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती असते, तो लवकर ऐकतो.

आता इंटरनेटवरच्या कॉलची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, कारण ती आजच्या मुलांना ठाऊक नसते. आपल्या देशात १ एप्रिल २००२ पर्यंत इंटरनेटवरून फोन करायला परवानगीच नव्हती. ही मनाई सरकारची होती. परदेशी फोनची मक्तेदारी तेव्हा विदेश संचार निगमकडे होती आणि तिचे उत्पन्न बुडू नये हा हेतू. म्हणजे नेट न्यूट्रॅलिटीचा आपल्याकडचा पहिला मोठा भंग झाला, तेव्हा तो शब्द जन्मालाही आला नव्हता आणि भंग करणारा कुणी धनाढ्य उद्योगपती नव्हता. बंदी उठली त्या उन्हाळ्यात माझ्या कॅफेत रांगा लागल्या. मुलगा आखातात, सून अमेरिकेत, आणि इकडे पाचगावची, उचगावची म्हातारी माणसे कानाला हेडफोन लावून मोठ्याने बोलायची. सगळ्या दुकानाला ऐकू जाई. तिकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, पण मिनिटाचा खर्च एवढा कमी झाला होता की आवाजाबद्दल कुणी तक्रार केली नाही.

पुन्हा २०१५ कडे येऊ. त्या साली आणखी एक वादळ आले, फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'चे. एका मोबाइल कंपनीशी जोडून काही निवडक संकेतस्थळे फुकट द्यायची, बाकीचे इंटरनेट पैसे देऊन, अशी ती योजना. विरोधकांनी सांगितले की हे गरिबांना अर्धवट इंटरनेट देणे आहे. फेसबुकने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्या वापरणाऱ्यांना सांगितले, फ्री बेसिक्स वाचवा, बटण दाबा. म्हणजे दोन्ही बाजू 'वाचवा' म्हणून ओरडत होत्या आणि दोन्हींकडे तयार मजकुराची बटणे होती. लाखो लोकांनी इकडची दाबली, लाखो लोकांनी तिकडची. यातून लोकमत कसे कळायचे, हे ट्रायच जाणे.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम केला. मजकुरानुसार इंटरनेटचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. लावले तर दिवसाला पन्नास हजार, जास्तीत जास्त पन्नास लाख रुपये दंड. चालू असलेल्या तशा योजना सहा महिन्यांत बंद करायच्या. टाळ्या पडल्या. पण त्या सहा महिन्यांत काय बंद झाले, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना दिसले असेल. मला काउंटरवर दिसले. 'फक्त व्हॉट्सॲप', 'फक्त फेसबुक' अशी स्वस्त पाकिटे मी विकत असे. घेणारे कोण? गवंडी, हॉटेलातली पोरे, शाहूपुरीत गुळाचे रवे उचलणारे हमाल. त्या काळी एक जीबीला आम्ही अडीचशे रुपयांच्या घरात मोजत होतो. त्या माणसांना सगळे इंटरनेट नको होते, गावाकडच्या बायकोचा फोटो आणि निरोप हवा होता. नियम आला आणि त्यांचे पाकीट गेले. 'अर्धवट इंटरनेट' त्यांना चालत होते, ते न चालणारे लोक वेगळे होते आणि त्यांच्याकडे पूर्ण इंटरनेट आधीच होते. एका हमालाने मला विचारले, "ते कार्ड का बंद केलं ओ?" मी त्याला नेट न्यूट्रॅलिटी समजावायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतले आणि कॉलचा रिचार्ज मारून तो निघून गेला.

त्याला पूर्ण इंटरनेट मिळाले, पण ते नियमामुळे नव्हे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाली, पुढच्या मार्चपर्यंत सगळे फुकट दिले, आणि इतर कंपन्यांना दर खाली आणावेच लागले. एक जीबीचा भाव चहाच्या कपाच्या आसपास आला. इंटरनेटच मुबलक झाल्यावर त्याचे तुकडे पाडून विकण्यात काही अर्थ उरला नाही. सरकारने २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटी कंपन्यांच्या परवान्यांत घातली, तोवर प्रश्न बाजारात बराचसा निकालात निघालेला होता.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तिथे असा नियम २०१५ मध्ये झाला आणि २०१७ च्या डिसेंबरात भारतीय वंशाचे अजित पै अध्यक्ष असताना तिथल्या आयोगाने तो रद्द केला. आता इंटरनेट संपले, असे भविष्य तिकडच्या मोठमोठ्या माणसांनी वर्तवले. नियम २०१८ च्या जूनमध्ये प्रत्यक्षात उठला. तेव्हापासून अमेरिकेतल्या आमच्या कोल्हापूरच्या मुलांना फेसबुकचे वेगळे आणि बातम्यांचे वेगळे बिल आलेले मी तरी ऐकले नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी आपापले कायदे केले, त्याचा धाक कंपन्यांना असणार, हे खरे. २०२४ मध्ये आयोगाने नियम परत आणला आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने तो पुन्हा उडवला. इतकी उलथापालथ झाली, पण दोन्ही वेळी सकाळी उठून लोकांनी नेहमीचेच व्हिडिओ पाहिले.

शिवाय या नियमाने इंटरनेट समान होते, हा समजही तपासून घ्यायला हवा. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपला माल आधीच इंटरनेट पुरवठादारांच्या केंद्रांत आणून ठेवतात. म्हणजे बाजारपेठेत स्वतःचे गोदाम असल्यासारखे. गिऱ्हाईक आले की माल दारातच तयार. आणि आमच्या गडहिंग्लजचा एखादा तरुण स्वतःचे संकेतस्थळ काढतो, त्याचा माल दर वेळी लांबच्या शहरातून एसटीने यायचा. यूट्यूब झटकन उघडते आणि त्याचे पान फिरत बसते. यात कुणी कुणाला रोखलेले नाही. ज्याच्याकडे पैसा त्याचे गोदाम, एवढेच. ट्रायने २०१७ च्या शिफारशींत ही गोदाम-व्यवस्था नियमातून उघडपणे वगळली. तसेच आजच्या महागड्या रिचार्जबरोबर क्रिकेट आणि सिनेमाच्या ॲपची वर्गणी 'मोफत' मिळते. दरात भेद नको म्हणून पुढचे दार बंद केले, तर मंडळी मागच्या दाराने आली. त्यावर कुणी एक ईमेल पाठवला नाही, आणि पाठवावा असे मलाही वाटत नाही.

मग आमचे इंटरनेट खरोखर बंद पडते कशाने? माझ्या हिशेबाच्या वहीत सगळ्यांत वर पंचगंगा आहे. धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, वीज उपकेंद्रे पाण्याखाली. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली की डिझेलवर, आणि डिझेल घेऊन येणारी गाडी तर महामार्गावर अडकलेली. चिखली-आंबेवाडीची माणसे बोटीतून बाहेर काढली जात होती आणि त्यांच्या नातेवाइकांना त्यांचे फोन लागत नव्हते. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा तेवढेच चढले. टॉवरला किती तासांची बॅटरी असावी, तो पूररेषेच्या किती वर असावा, हे विषय सल्लापत्रांच्या कुठल्या पानावर असतात कोण जाणे. पण त्यासाठी दहा लाख ईमेल जात नाहीत.

त्याखाली दुसरी नोंद आहे सरकारी आदेशाची. २०२३ च्या ७ जूनला समाजमाध्यमांवरच्या काही मजकुरावरून शहरात बंद झाला, दगडफेक झाली आणि जिल्ह्यातली इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. शांतता राखणे गरजेचे होते, यात वाद नाही. पण जून म्हणजे प्रवेशांचे दिवस. मुले दाखले घेऊन दुकानात बसलेली, चहावाल्याच्या क्यूआर कोडसमोर गिऱ्हाईक खिसे चाचपतेय, आणि हे किती वेळ चालणार याचे उत्तर कुणाकडेच नाही. कुठल्याही कंपनीने कुठलेही संकेतस्थळ हळू केले नव्हते. सगळीच संकेतस्थळे सारखीच बंद होती, म्हणजे समानता पुरेपूर. २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे जगात सर्वाधिक वेळा इंटरनेट बंद होणारा देश म्हणून 'ॲक्सेस नाऊ' या संस्थेने भारताची नोंद केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात, अनुराधा भसीन खटल्यात, १० जानेवारी २०२० ला सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचे त्याला देता येईल. नेट न्यूट्रॅलिटीचा नियम कंपन्यांना बांधतो, सरकारला बांधत नाही. बांधायचे असेल तर या निकालासारखी दोरी लागते.

तिसरी नोंद पैशाची. २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले, दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत. कुठल्याही ॲपवर वेगळा टोल लावला नाही. सगळा रस्ताच महाग केला. आणि तो करता आला, कारण माझ्या काउंटरवरची ती सात-आठ रंगांची पाकिटे आता उरली नव्हती. एअरसेल बुडाली, टाटा आणि टेलिनॉर एअरटेलमध्ये गेल्या, आयडिया आणि व्होडाफोन २०१८ मध्ये एक झाल्या. उरल्या तीन खासगी आणि एक बीएसएनएल. लोक चिडून बीएसएनएलकडे वळले, त्या एका महिन्यात तिचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. भीतीच बाळगायची तर मी या आकड्याची बाळगीन, तीनाचे दोन होण्याची. दोनच गल्ल्या उरल्या तर माझा मघाचा मुद्दाच कोसळतो. मग नाका बांधणाऱ्याला कुणाची भीती राहणार?

गिऱ्हाईक उठून गेले की काय होते, हे आमच्या जिल्ह्याने २०२५ मध्ये पाहिले. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण जुलैअखेर जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आली. नेली ती न्यायालयाच्या आदेशाने, हे सांगायला हवे. पण वनतारा अंबानी कुटुंबाचे, आणि अंबानींची जिओ लोकांच्या खिशात. माणसे दुकानात येऊन विचारू लागली, "ते पोर्ट कसं करायचं सांगा." एक एसएमएस १९०० क्रमांकावर, एक कोड, आणि काम होते. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी मोर्चा निघाला. त्याच आठवड्यात वनताराकडून खुलासे आले आणि नांदणी परिसरातच हत्तिणीसाठी केंद्र उभारण्याची तयारी दाखवण्यात आली. त्यात मोर्चाचा वाटा किती, पोर्टिंगचा किती, हे मोजता यायचे नाही. मात्र त्या आठवड्यात जिओचे कार्ड बदलायला आलेल्यांतल्या एकाही माणसाला इंटरनेटच्या तटस्थतेशी घेणे-देणे नव्हते. त्याच्या हातात कंपनीला सोडून जाण्याचा हक्क होता आणि तो त्याने हत्तिणीसाठी वापरला.

नियम काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. असू द्या, त्याने कुणाचे फार बिघडत नाही. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या ॲपवाल्यांकडून वाटा मागितला होता. ती मागणी पुन्हा पुन्हा येईल, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी 'इंटरनेट वाचवा'ची जुनी पत्रके काढील. त्या वेळी त्या मुलांना मी गगनबावड्याकडे घेऊन जाईन म्हणतो. तिथल्या काही वाड्यांवर आजही रेंजसाठी टेकडी चढावी लागते. गेल्या पावसाळ्यात तिकडची एक बाई माझ्या दुकानात आली होती, एका योजनेची केवायसी करायला. ओटीपी तिच्या नवऱ्याच्या फोनवर येणार होता. नवरा गावात, फोनला रेंज नाही. मी तीन वेळा ओटीपी मागवला. तिने दुकानातून शेजाऱ्याच्या लँडलाइनवर फोन लावला आणि निरोप दिला, "त्यांना म्हणावं छत्री घ्या आनि वर पठारावर जावा, मी इथं थांबलेय."